लेकीबरोबर ‘बसायचं’ कसं?

ताई,
वय ६२, जिल्हा परिषदेतून निवृत्त, मुक्काम सातारा. गेली तीसेक वर्षं शनिवारी रात्री दोन पेग घेतो. घरीच, गच्चीवर, स्टीलच्या पेल्यात. स्टीलचा अशासाठी, की आत काय आहे ते दिसू नये. मुलीसमोर कधी घेतली नाही आणि त्या विषयावर घरात कधी बोलणंही झालं नाही. मुलगी आता ३१ वर्षांची आहे, मुंबईत नोकरी करते. नुकतीच तिला बढती मिळाली. पुढच्या शनिवारी आम्ही दोघं तिच्याकडे जाणार आहोत आणि तिनं वांद्र्याच्या कुठल्याशा जुन्या ढंगाच्या कॉकटेल बारमध्ये टेबल सांगून ठेवलंय. मी फोनवर म्हटलं, “अगं, बारमध्ये कशाला? चांगल्या हॉटेलात जेवू.” तर हसून म्हणाली, “बाबा, तुमचा स्टीलचा पेला मला चौथीपासून माहितीये.” तेव्हापासून धड झोप नाही. लेकीसमोर ग्लास हातात धरायचा कसा? ती स्वतः घेणार, ते बघवेल का? शिवाय असल्या ठिकाणचं मला काही कळत नाही. माझ्यामुळं पोरीला खाली बघायला लागू नये. बीपीची एक गोळी चालू आहे. काय करू?
– एक बाप, सातारा

स्टीलचा पेला यांस (तुमच्या सहीपेक्षा मला हेच नाव आवडलं),

जा. खरं तर एवढं उत्तर पुरे होतं. पण तुम्ही जे विचारलंय त्यापेक्षा न विचारलेलंच पत्रात जास्त आहे, म्हणून पुढचं.

आमच्या घरी ब्रँडीची बाटली जुन्या पंचांगांच्या गठ्ठ्यामागं असायची. सर्दीसाठी, असं आई सांगायची. वडिलांना सर्दी दर शनिवारी व्हायची आणि पावसाळ्यात मधल्या वारीही. आम्ही भावंडं झोपेचं सोंग घेऊन पडायचो आणि बूच निघाल्याचा आवाज आला की अंधारात एकमेकांना कोपर मारायचो. वडील गेले तेव्हा मी पन्नाशीला आले होते. तोवर त्या बाटलीबद्दल आम्ही चकार शब्द बोललो नाही. दोष ब्रँडीला देत नाही, पण बाकीही फारसं काही बोललो नाही.

तुमची मुलगी माझ्यापेक्षा धीट निघाली. चौथीपासून म्हणजे बावीस वर्षं तिनं तुमचं गुपित सांभाळलं. शनिवारी रात्री बाबांच्या तोंडाला बडीशेपेचा वास का येतो, हे तिनं कुणालाही विचारलं नाही. आता ती म्हणतेय, पुरे झालं. तिनं तुम्हाला प्यायला बोलावलेलं नाही, तिच्यापासून काही लपवू नका म्हणून बोलावलंय. तेव्हा तिथं जाऊन लिंबू सरबत मागवायचं आणि साताऱ्याला परतल्यावर गच्ची गाठायची, हे मात्र करू नका. घ्यायची नसेल तर “आता सोडतोय” म्हणून खरंच नका घेऊ, त्यात तिला आनंदच होईल. पण घेणार असाल तर काचेच्या ग्लासात घ्या.

“ती स्वतः घेणार, ते बघवेल का?” हे वाक्य तुम्ही घाईघाईत लिहून पुढं गेलात. मुलगा असता तर हे वाक्य पत्रात आलं असतं का, हे गच्चीवर एकटे असाल तेव्हा स्वतःला विचारा. उत्तर मला कळवू नका. मी दारूची वकिली करत नाही. थोडी घेतलेली तब्येतीला बरी, असं आपण ऐकत आलो, पण सुरक्षित म्हणावी अशी मात्राच नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये सांगून टाकलंय. तुम्हालाही नाही आणि तिलाही नाही. एवढं मान्य केल्यावर तुमच्या तीस वर्षांच्या शनिवारांना एक न्याय आणि तिच्या एका ग्लासाला दुसरा, असं कसं चालेल?

गंमत अशी, की महाराष्ट्र सरकारच्या लेखी दारू अजूनही तब्येतीसाठीच प्यायची असते. १९४९ चा दारूबंदी कायदा आपल्याकडे आजही आहे. दारू प्यायला परवाना लागतो आणि तो आरोग्य राखण्यासाठी म्हणून देतात. बारमध्ये एक दिवसाचा परवाना मिळतो, वर्षानुवर्षं पाच रुपयांना मिळत आलाय. तुमच्या एसटी स्टँडाजवळच्या बारवर ‘परमिट रूम’ अशी पाटी असते ना, ती त्यातूनच आली. वयाची अटही कायद्यातलीच: बिअर-वाइनला २१, कडक दारूला २५. मुलगी सहा वर्षांपूर्वीच पात्र झाली. तुमचा परवाना आहे का, हे मी विचारत नाही.

आता जागेबद्दल. बार म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर लाल बल्ब, ओलं टेबल, काउंटरवरची चपटी, चकण्याला शेंगदाणे आणि पडद्यामागची फॅमिली रूम येत असणार. माझ्याही येत होती. दोन वर्षांपूर्वी भाचा मला अशाच एका जुन्या ढंगाच्या बारमध्ये घेऊन गेला, तेव्हा प्रथम वाटलं की कुणीतरी आमच्या आजोळचा दिवाणखाना विकत घेतलाय. गुडघ्याएवढे सोफे, पितळी दिवे, पारा उडालेला आरसा, कोपऱ्यात ग्रामोफोनचा कर्णा. उजेड इतकाच की समोरच्याचा चेहरा दिसावा, सुरकुत्या दिसू नयेत. गाणं हळू आवाजात. सगळ्यात नवल म्हणजे लोक बोलत होते. टीव्ही नाही, क्रिकेट नाही, “वेटर!” अशी हाक नाही.

ही तऱ्हा अमेरिकेची. तिथं १९२० ते १९३३ अशी तेरा वर्षं देशभर दारूबंदी होती. त्या काळात चोरून चालणाऱ्या गुत्त्यांना ‘स्पीकईझी’ म्हणायचे, म्हणजे आवाज न करता बोला, बाहेर पोलीस आहे. पुढं १९९९ मध्ये न्यूयॉर्कला साशा पेट्रास्की नावाच्या माणसानं पाटी नसलेला एक लहानसा बार काढला आणि जुने ग्लास, मापात ओतलेली दारू, मंद दिवे हे सगळं परत आणलं. भिंतीवर नियम होते: आरडाओरडा नको, पुरुषांनी टोपी काढून ठेवावी, अनोळखी बाईशी आपणहून ओळख काढायला जाऊ नये. आज जगभर जे जुनाट-नवे बार दिसतात, त्यातल्या पुष्कळांनी त्याचाच कित्ता गिरवलाय. मला स्वतःला तो टोपीचा नियम फार आवडतो.

पण मुंबईला हे अमेरिकेकडून शिकायची गरज होती का? पन्नास-साठच्या दशकांत इथं दारूबंदी होती, तेव्हा वांद्रे, माहीम, धोबीतलावाला ख्रिस्ती ‘आंटीं’चे अड्डे चालायचे. आंटीच्याच घरातली बाहेरची खोली, भिंतीवर येशूची तसबीर, दोन बाक, उकडलेली अंडी आणि गूळ-नवसागराची दारू. माझे एक मामा फोर्टातल्या कचेरीतून सुटले की तिकडं जात. आंटी त्यांना दोन ग्लासांनंतर “घर जाव” म्हणून उठवायची, असं ते अभिमानानं सांगत. मंद उजेड, चोरटा दरवाजा, हळू आवाज, सगळं होतं. तुमच्या मुलीनं ठरवलेल्या बारच्या आसपासच तशी एखादी खोली असेल. हे तिला सांगा. तिच्या पिढीला न्यूयॉर्कचं ठाऊक असतं, आंटीचं नसतं. आणि अगदी उजळ माथ्यानं चाललेलं जुनं ठिकाण बघायचंच असेल तर ताजमधला हार्बर बार आहे, १९३३ पासूनचा. पण तो पुढच्या बढतीला.

मागवायचं काय, ही तुमची खरी भीती. कार्ड हातात आलं की प्रथम खिशातून चष्मा काढा. अक्षर बारीक, उजेड कमी. मोबाइलची बॅटरी पेटवून वाचणारे तुम्ही एकटे नसाल, तरी चष्मा बरा. कार्डावरची निम्मी नावं मुद्दामच कळू नयेत अशी ठेवलेली असतात. खाली काय काय घातलंय ते लिहिलेलं असतं, तेवढं वाचा. तरीही अडलं तर पेय बनवणाऱ्याला सांगा, “मी व्हिस्की पाण्यातून घेतो, गोड चालत नाही.” यात कमीपणा नाही. दर्जीला माप सांगताना आपण लाजतो का?

तुमच्यासाठी माझी शिफारस ‘ओल्ड फॅशन्ड’. नावाप्रमाणंच जुनं. १८०६ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन गावच्या एका वर्तमानपत्रानं कॉकटेल म्हणजे काय ते वाचकाला समजावून सांगितलं होतं: दारू, साखर, पाणी आणि बिटर्स. ओल्ड फॅशन्ड म्हणजे जवळजवळ तेच: व्हिस्की, चिमटीभर साखर, बिटर्सचे दोन-चार थेंब, बर्फाचा एकच मोठा खडा आणि संत्र्याच्या सालीचा तुकडा. साल पिळली की तिचं तेल वर उडतं आणि घोट घ्यायच्या आधी नाकाला कळतं. बिटर्स म्हणजे मुळं, साली, मसाले घातलेला कडू अर्क. त्यातला सगळ्यांत प्रसिद्ध अंगोस्टुरा, एका जर्मन डॉक्टरनं १८२४ मध्ये व्हेनेझुएलात पोटाचं औषध म्हणून बनवला. लहानपणी काडेचिराईताचा काढा प्यायला असाल तर चव अगदीच परकी वाटणार नाही. मोठा खडा दिखाव्यासाठी नसतो. चुऱ्यापेक्षा तो सावकाश वितळतो आणि व्हिस्कीचं लगेच पाणी होत नाही.

बाकी पेयांचं गणित आपल्या आमटीचं आहे. चिंच आणि गूळ जुळले की आमटी जमली, तसं लिंबू आणि साखर जुळली की ग्लास जमला. लिंबाचा रस असलेलं पेय डब्यात घालून खडखडा हलवतात, नुसत्या दारवांचं असलं तर लांब चमच्यानं ढवळतात. काउंटरजवळची जागा मिळाली तर हे बघत बसा, वेळ छान जातो.

आता हिशेब, कारण इथंच माणसं फसतात. आपला लहान पेग ३० मिलिलिटर, मोठा ६०. ओल्ड फॅशन्डमध्ये बहुधा ६० असते. म्हणजे एक कॉकटेल हे तुमचे दोन लहान पेग झाले. (गच्चीवरचे पेग कुणी मापानं ओततं का, ते असो.) गोड, रंगीत पेयांत तर दारूची चव लागतच नाही आणि गुडघ्यांना ती अर्ध्या तासानं कळते. मी पहिल्या खेपेला नावात चहा दिसला म्हणून ‘लाँग आयलंड आइस्ड टी’ मागवला. रंग चहाचा, आत व्होडका, जिन, रम, टकीला आणि संत्र्याची लिकर, चहाचा थेंब नाही. जिना उतरताना भाच्यानं माझा दंड धरला होता आणि मी त्याला तीनदा विचारलं, तुझी मुंज कधी झाली? तो मुलगा चाळिशीचा आहे.

तुमची तर बीपीची गोळी आहे. काही गोळ्यांवर दारू घेऊन एकदम उठलं की चक्कर येते, आणि त्या सोफ्यांतून उठणं म्हणजे विहिरीतून वर येणं. जायच्या आधी डॉक्टरांना फोन करून खरं खरं विचारा, त्यांच्यापासूनही पेला लपवला असेल तर ही संधी आहे. ते हो म्हणाले तर एकच घ्या, बरोबर पाणी मागत राहा. निघण्याआधी सहाच्या सुमारास घरी काहीतरी खाऊन घ्या, कारण तिथं बश्या मोठ्या आणि त्यातला पदार्थ लहान असतो. साडेसातच्या आत पोचा, नवानंतर अशा शांत जागाही शांत राहत नाहीत. पायात बूट असू द्या, चप्पल घातलेल्या पुरुषांना काही ठिकाणी दारातच अडवतात. गाडी नेऊ नका, मुलीलाही नेऊ देऊ नका. रक्तात १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅम ही कायद्याची मर्यादा आहे आणि पहिल्याच गुन्ह्याला दहा हजारांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. टॅक्सी करा.

आणि किंमत. एका ग्लासाला सातशे, आठशे, हजार असे आकडे दिसतील. तुमच्या तोंडून “एवढ्यात खंबा येतो” हे वाक्य आपोआप बाहेर पडू पाहील. ते गिळा. साताऱ्याला परतताना गाडीत वहिनींना दहा वेळा ऐकवा, हवं तर. बिल आलं की खिशाकडं हातही नेऊ नका. बापांना हे फार जड जातं, कल्पना आहे. मुलीच्या कमाईचं खाऊ नये ही समजूत काही घरांत अजून मुरलेली आहे, पण तिनं हे टेबल स्वतःच्या बढतीसाठी सांगून ठेवलंय. तुम्ही पाकीट काढलंत तर बढती तुमची झाली.

आता वहिनी. तुमच्या अख्ख्या पत्रात त्या कुठं आहेत? “आम्ही दोघं” एवढ्यापुरत्या. तीस वर्षं दर शनिवारी त्या खाली एकट्या बसत आल्यात. तुम्ही वर बसायचात आणि त्या खाली बसायच्या. आपल्याकडं ‘आज बसायचं का?’ याचा अर्थ एकच होतो आणि त्या बसण्यात बायका नसतात. या खेपेला त्या असणार आहेत. त्यांना काय वाटतं, हे विचारलंत का? कदाचित त्यांना जायचंच नसेल. कदाचित त्या तुमच्याआधी तयार होऊन बसल्या असतील आणि लेकीनं हे सगळं आईशी बोलूनच ठरवलं असेल. माझा पैसा या दुसऱ्या शक्यतेवर.

तिथं गेल्यावर “हिला एक ज्यूस” असं परस्पर सांगू नका. बिनदारूची पेयं हल्ली तितक्याच निगुतीनं करतात, आणि आपल्या कोकमाचं, कैरीचं, आल्याचं काही दिसलं तर त्यांना त्यातलं तुमच्यापेक्षा जास्त कळेल. त्यांचा शनिवार असेल तर एक लक्षात ठेवा, ‘सावर’ नावाच्या पेयांत वरचा फेस पुष्कळदा अंड्यातल्या पांढऱ्याचा असतो, आधी विचारून घ्या. आणि त्यांना घोटभर चाखून बघावीशी वाटली तर तुम्ही छताकडं बघा.

बोलायला विषय सुचला नाही तर एक देऊन ठेवते. कार्डावर कुठंतरी ‘पंच’ नावाचं काही असेल. हा इंग्रजी शब्द आपल्या ‘पाच’वरून गेला, असं पुष्कळ जण मानतात: दारू, साखर, लिंबू, पाणी, मसाला. इंग्रजांच्या कागदपत्रांत तो १६३२ पासून सापडतो. सुरतेच्या वखारीतले लोक हेच पीत बसायचे. म्हणजे कॉकटेलची एक आजी आपल्याच किनाऱ्याची. मात्र सुरतेची वखार म्हटल्यावर साताऱ्याच्या माणसाला १६६४ आठवणार, हे मला माहीत आहे. तो विषय त्या रात्री काढू नका. टेबल दोनच तासांसाठी मिळतं.

त्यापेक्षा तिला तिच्या कामाबद्दल विचारा. बढती कशाबद्दल मिळाली, तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही. मला वाटतं, तुम्हालाही नीट माहीत नसावं. आणि तिनं विचारलं की पहिली कधी घेतलीत, कुणाबरोबर, तर सांगून टाका, त्यात ऑफिसची सहल आणि महाबळेश्वर असणार हे मी पैजेवर सांगते.

ग्लास धरायचा कसा, हे राहिलंच. ओल्ड फॅशन्डचा ग्लास बुटका, जाड बुडाचा असतो. तळव्यात धरायचा, पेल्यासारखाच.

हे छापून येईपर्यंत शुक्रवार उजाडेल. वहिनी हे सदर वाचतात की नाही, तुम्ही कळवलेलं नाही. वाचत असतील तर ‘सातारा’, ‘जिल्हा परिषद’ आणि ‘स्टीलचा पेला’ एवढ्यावरून त्यांनी केव्हाच ओळखलं असेल. तेव्हा आता अंक पंचांगामागं लपवू नका.